पाठीशी

लिफ्टमध्ये तिघीच होत्या. गिरिजा, तिची आई इंदुमती, आणि सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या मिसेस भटनागर. आईचे डोळे तपासून गिरिजा तिला घरी आणत होती. एका हातात आईची काठी, दुसऱ्या हातात आईचं कोपर, खांद्याला पिशवी आणि पिशवीत डोळ्यांत घालायचे थेंब, मोसंबी, पाण्याची बाटली. दार सरकून बंद झालं तशा मिसेस भटनागर कौतुकानं म्हणाल्या, "माताजी, आपकी बहू बहुत सेवा करती है." आई म्हणाली, "हाँ, करती है." मग त्यांनी विचारलं, "बेटी नहीं है कोई?" "है ना," आई म्हणाली, आणि औषधानं बाहुल्या मोठ्या झालेले तिचे डोळे एकदम चमकले. "एक लड़की है, पानिपत में. अभी इतनी बड़ी कोठी बनाई है." एवढ्यात चौथा मजला आला. गिरिजानं नेहमीसारखं आधी स्वतःचं पाऊल बाहेर ठेवलं, मग आईला उंबरा सांगितला, मग मिसेस भटनागरांकडे बघून हसली. लिफ्ट वर निघून गेली. नव्या इमारतीच्या त्या बोळात अजून चुन्याचा वास येत होता, आणि पिशवीत हात घालून किल्ली शोधताना गिरिजाच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोच आहोत.

तिनं सगळं रोजच्यासारखं केलं. आईला खुर्चीत बसवलं, खिडकीचा पडदा ओढला, तिला पाणी दिलं, चपला जाग्यावर ठेवल्या. हेरंब, तिचा नवरा, त्या दिवशी घरीच होता. त्याच्या सरकारी कंपनीत आता काम उरलं नव्हतं. आपण होऊन निवृत्त व्हा असं साहेब दर आठवड्याला गोडीनं सुचवत, आणि हेरंब तितक्याच गोडीनं रजा घेऊन घरी वर्तमानपत्र वाचत बसे. तिनं त्याला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात लिफ्टमधली गोष्ट सांगितली. तो आधी खो खो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसू आवरत म्हणाला, "अग, ही तर बढती झाली तुझी. मुलीनं केलं तर कर्तव्य असतं. सुनेनं केलं तर सेवा." तीही हसली. "मजाक सोड, यार," तो म्हणाला, "म्हातारं माणूस, बोलून गेली." ते खरंच होतं. गिरिजा डाळ धुवायला लागली. डाळीचं पाणी पुन्हा पुन्हा पांढरं निघत होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा ओतत होती. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं काहीतरी झालं होतं. लागलेलं काहीच नव्हतं, आणि तरी सगळ्या अंगाला ते कळलं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या, मुलगा पिलानीला इंजिनियर होत असलेल्या बाईला असल्या गोष्टीचं काय वाटायचंय, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. वाटत होतं.

कारण ते नवं नव्हतं. तेव्हाच्या विनयनगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, जिथं वडील मंत्रालयातल्या फायली घरी आणून वाचत आणि अंगणात पेरूचं एक झाड होतं, तिथं सुमित्रा जन्मली तेव्हा गिरिजा सहा वर्षांची होती. सुमी गोरी, नाजूक, सारखी सर्दी झालेली. पहाडगंजच्या मराठी शाळेत जायला दोघी एकाच बसमध्ये चढत, आणि खिडकीची जागा सुमीची. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. पेरू पिकला की पहिला सुमीचा. गिरिजाचा कंपास, गिरिजाची रिबीन, गिरिजानं वर्गात बक्षीस मिळवलेली शाईची दौत, यांतलं काहीही सुमीच्या हाती गेलं की ते तिचं होऊन जाई, आणि गिरिजा परत मागायला गेली की सुमी आधी आपलं नाक फेंदारी, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे नुसतं बघे. तिथं आई असे. आई काही बोलत नसे. तव्यावरची पोळी उलटता उलटता दारात येऊन उभी राही. झालं. गिरिजाचा हात आपोआप मागे येई. आई वाईट नव्हती. गिरिजाला तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलेली हीच आई होती, आणि हीच तिला पहिल्यांदा रामलीला दाखवायला घेऊन गेली होती. पण दोन मुलींच्या मध्ये ती उभी राहिली की तिचं तोंड नेहमी एका बाजूला असे. आणि गंमत अशी, की सुमीचा राग गिरिजाला कधी धरताच आला नाही. तिच्यात काहीतरी असं होतं, की आपली दौत पळवून नेणाऱ्या त्या शेंबड्या पोरीला संध्याकाळी आपणच गोष्ट सांगावी, आणि तिनं ऐकता ऐकता आपल्या दंडावर डोकं ठेवून झोपावं, हेच बरं वाटायचं.

याला एक नाव आहे, नियम आहे, हे तिला पुढे रिजवर, शहरालगतच्या खडकाळ टेकाडावर, कळलं. एम.एस्सी. झाल्यावर ती तीन वर्षं रिजच्या जंगलातल्या लाल तोंडाच्या माकडांच्या एका टोळीमागे हिंडली. कीकरांची काटेरी झाडं, तापलेले दगड, गळ्यात दुर्बीण, डोक्याला वडिलांचा जुना पंचा. विद्यापीठातले तिचे सर पंजाबी होते, मोठ्या आवाजाचे, आणि त्यांनी माकडांना इंग्रजी अक्षरं दिली होती. गिरिजा मनातल्या मनात त्यांना मराठी नावं देई. टोळीची मुख्य म्हातारी म्हणजे सरदारीण. तिच्या दोन मुली, थोरली ठकू, धाकटी चिंगी. आणि सगळ्यांच्या शेवटी, कायम दोन दगड लांब बसणारी, कानाचा तुकडा गेलेली भागी. मंगळवारी लोक चणे आणि केळी घेऊन येत. कुणी शेठजींनी बांधलेला पाण्याचा एक हौद होता. त्या हौदावर टोळी यायची तेव्हा गिरिजाला शाळेतल्या प्रार्थनेची रांग आठवायची, इतकं प्रत्येकीला आपलं ठिकाण माहीत असायचं. आधी सरदारीण. मग तिच्या पोटच्या. मग दुसऱ्या घराण्यातल्या. नर येत, मोठे होत, भांडत आणि दुसऱ्या टोळीत निघून जात; बायका जन्मभर तिथंच राहत, आणि आई ज्या जागेवर, तिच्या खालोखालची जागा मुलींची. जन्मतःच. सरदारणीच्या घरातलं हातभर पिल्लूसुद्धा भागीकडे बघून दात विचकायचं, आणि भागी बाजूला व्हायची.

हे तिला पुस्तकांतून ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिली तेव्हाच तिचा विश्वास बसला. चिंगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती, अंगानं ठकूच्या निम्मी. ठकू पोटाशी पिल्लू घेऊन एका केळ्यावर बसली होती. चिंगी आली, मान पुढे काढली, तोंड उघडलं. ठकूनं एक चापट मारली असती तर ती उताणी पडली असती, आणि ठकूनं हात उचललाही. पण चिंगीच्या पाठीमागे, बऱ्याच अंतरावर, सरदारीण बसल्या जागेवरून उठली. नुसती उठली. ठकूनं हात खाली घेतला, भलतीकडेच बघितलं, जसं काही तिला तिथून उठायचंच होतं, आणि केळं तिथंच टाकून ती पिल्लासकट दुसऱ्या झाडाखाली गेली. पुढे काही आठवड्यांनी सरदारणीला उठायचीही गरज पडेनाशी झाली. चिंगी यायची, ठकू उठायची. "हमेशा," सर म्हणाले, "छोटी बहन बड़ी के ऊपर. माँ के नीचे सबसे छोटी, फिर उससे बड़ी, और सबसे बड़ी सबसे नीचे. जहाँ देखो, यही मिलेगा." मग त्यांनी तिच्याकडे मिश्कीलपणे पाहिलं. "तुम्हारी कोई छोटी बहन है क्या?" गिरिजा एवढ्या मोठ्यानं हसली की अख्खी टोळी झाडावर चढली. त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये तिला विलक्षण हलकं वाटलं होतं. म्हणजे हे माझ्यामुळे नाही. मी कमी नाही, काळी नाही, हट्टी नाही. हे असंच असतं. हा नियम आहे.

पण नियम कळला तरी त्याचा काटा बोथट होत नाही, हे तिला भागीमुळे कळलं. त्या उन्हाळ्यात लू, ती भाजून काढणारी हवा, अशी सुटली की दगडावर वही ठेवली तरी पानं तडतडायची. हौदात पाणी तळाशी गेलं. सरदारणीची पोरं आत उतरून पीत, अंगावर उडवून घेत. दुसऱ्या घराण्यातल्या वाट बघत. आणि भागी पोटाशी नुकतं जन्मलेलं पिल्लू घेऊन अशी बसायची की जणू तिला तहानच नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती यायची तोवर चिखल उरलेला असायचा. तिचं दूध आटलं असावं. पिल्लाचं ओरडणं आधी तीक्ष्ण होतं, मग चिमणीसारखं झालं, मग बंद झालं, आणि त्यानंतरही ती ते पोटाशी धरून हिंडत राहिली. गिरिजाच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मध्ये पडायचं नाही हा सरांचा पहिला धडा होता, आणि तो बरोबर होता. एका माकडिणीला पाणी दिलं तर तिथं मग माकडं उरत नाहीत, आपणच उरतो. एका झाडाखालच्या जागेवरून कोण जगणार ते ठरतं. लढाई होत नाही, रक्त दिसत नाही. कोण आधी आणि कोण नंतर, एवढंच. गिरिजानं ते पाहिलं, आणि घरी येऊन आईच्या कुशीत शिरून खूप रडली, आणि कशासाठी ते आईला सांगता आलं नाही. आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली होती, "असलं कसलं ग बाई तुझं शिक्षण."

ठकूवर मात्र तिचा जीव जडला. लोक समजतात तशी ती काही दुःखीकष्टी नव्हती. ती पोटभर खायची, फक्त नंतर खायची. पोरांना खेळवायची, पुढे चिंगीला झालेल्या पोरालाही. शेवटच्या हिवाळ्यात सरदारीण आजारी पडली, तिच्या मांडीला जखम झाली होती; तेव्हा चिंगी उन्हातल्या चांगल्या फांदीवर बसायची आणि ठकू म्हातारीला बिलगून गारठ्यात खाली. यात कर्तव्य की सेवा, कोण सांगणार! गिरिजानं लिहून ठेवलं होतं, 'थोरली मुलगी जवळ', आणि पुढे काहीच सुचलं नव्हतं.

"गिरिजा," बाहेरून आईनं हाक मारली, "अग, डाळ धुतेस की तिचा रंग काढतेस?" ती दचकली. डाळ केव्हाच स्वच्छ झाली होती.

त्याच आठवड्यात सुमीचा फोन आला. कोठी पूर्ण झाली, खाली संगमरवर घातलाय, आईला उन्हाळाभर तिकडे घेऊन जाते. तिचा नवरा शंकर मूळचा सोलापूरचा, कापडाच्या गिरणीतला इंजिनियर. पानिपतला एका हातमाग कारखान्यात नोकरीला आला, आणि बाहेरच्या देशांचे दरवाजे उघडले तसं त्यानं स्वतःच सतरंज्या आणि पलंगपोस जर्मनीला पाठवायला सुरुवात केली होती. तीन-चार वर्षांत त्यांचं घर, गाडी, बोलणं, सगळं बदललं. सुमी बदलली नव्हती. शनिवारी ती निळ्या सिएलो गाडीतून उतरली, लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धापा टाकत वर आली, आणि गिरिजाच्या गळ्यातच पडली. "ताई, किती वाळलीस ग! हेरंबदादा तुला खायला देत नाहीत का?" तिनं पलंगपोसांचा एक ढीग आणला होता, हिरवे, जांभळे, केशरी, जर्मन लोकांना न आवडलेले. ड्रायव्हरला तिनं अभिमानानं सांगितलं, "मेरी दीदी. प्रोफेसर है." आई तर सकाळीच तयार होऊन बसली होती. दोन लुगडी, जपाची माळ, लहानसा रेडिओ, थेंबांच्या बाटल्या. तिला जायची एवढी घाई होती की गिरिजानं केलेला उपमा तिनं अर्धा टाकला. "पानिपत म्हणजे काय सासूबाई," हेरंबनं चिडवलं, "आपली माणसं तिकडे गेली ती परत कुठं आली?" "माझी मुलगी तिथं आहे," आई म्हणाली. "मला काय धाड भरलीय?" गिरिजाला वाटलं, आईनं निघताना जरासं रेंगाळावं. उंबऱ्याशी थांबावं, काहीतरी विसरलंय म्हणावं. आईनं काहीच विसरलं नव्हतं. शेवटी सुमीनंच गिरिजाचा हात ओढला: कॉलेजला सोमवारी सुट्टी आहे ना, मग चल, दोन दिवस राहा, कोठी बघ.

कर्नाल रस्त्यानं गाडी जात होती. आई पुढे, खिडकीशी. मागे दोघी बहिणी, आणि सुमी सारखी बोलत होती. शंकर जर्मनीला गेलाय, तिथल्या व्यापाऱ्यांचे फोन घरी येतात आणि ते आता तीच घेते, इंग्रजीत बोलते, सुरुवातीला पाय लटपटायचे. मोठी तनया, पंधराची, पुढच्या वर्षी दहावी. धाकटी अवनी नऊची, "एकदम बदमाश, पण काय गोड!" बोलता बोलता सुमीनं गिरिजाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती झोपली. तिच्या केसांत दोन-चार पांढरे होते, मेंदी लावून लाल झालेले. बाहेर गव्हाची कापणी चालली होती, आणि पिवळ्या धुळीत एकेक नवं गोदाम उभं होतं. गिरिजाचा खांदा अवघडला. तिनं तो हलवला नाही.

कोठी खरोखरच मोठी होती, आणि अर्धवट रिकामी. गल्लीच्या तोंडाशी सूत रंगवणाऱ्यांची नाली वाहत होती. सकाळी लाल, दुपारी निळी. मागांची ठकठक दूरवर, भिंतीच्या आतून आल्यासारखी. आईची खोली मागच्या बाजूला, हवेशीर, खिडकीशी कडुनिंब. आईला पलंगावर बसवून तिच्या चपला ठेवायला गिरिजानं कपाट उघडलं, तर आतल्या फळीवर शाळेचे बूट होते आणि दारावर आतून एका क्रिकेटवाल्याचं चित्र चिकटवलेलं. मग तिच्या लक्षात आलं. बाहेर बोळकांडीत, फ्रीज आणि जिना यांच्या मधल्या जागेत एक टेबल आणून ठेवलं होतं, त्यावर पुस्तकांच्या चळती, आणि एक छोटा पंखा. तिथं तनया बसली होती. उंच, हाडकुळी, दात तारेनं बांधलेली. "तुझी खोली होती का ग ती?" गिरिजानं विचारलं. "हो. पण ठीक आहे, मावशी. इट्स ओके." तिनं मान वर केली नाही. "आजीला पीछे वालीच खोली सूट करते ना." अवनीची खोली समोरच होती, गुलाबी भिंती, कूलर, नुसत्या बाहुल्यांनी भरलेला दुसरा पलंग.

रविवारी दुपारी गिरिजा बोळकांडीच्या टोकाशी खुर्ची टाकून मेथी निवडत होती. तनया नकाशात नद्या भरत होती. अवनीच्या खोलीतला कूलर बंद पडला होता. ती आली, आणि एक शब्द न बोलता तिनं पंख्याची पिन काढली. तनयानं पंखा धरला. "माझाय तो. मला गरम होतंय." "मुझे भी हो रहा है. दे ना!" तनयानं सोडला नाही. अवनीनं नकाशाचा कागद ओढला, तो टर्रकन फाटला, तनयानं तिचा हात झटकला. लागलं काहीच नाही. पण अवनी आधी आपलं लहानसं तोंड उघडून क्षणभर तशीच थांबली, मान वळवून आतल्या दाराकडे तिनं बघितलं, आणि मग किंचाळली. सुमी आली. तिच्या कानाशी बिनवायरचा फोन होता, त्यावर तळहात दाबून ती दारातूनच म्हणाली, "तनू! छोटी है ना ती? दे तिला." तनया पंख्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिची बोटं पांढरी पडली होती. "तनू, मी काय म्हणतेय?" सुमी पुढे आली, आणि अवनी सरकून तिच्या पाठीमागे गेली, रडतच, पण आता डोळे कोरडे.

गिरिजाच्या मांडीवरची मेथी खाली सांडली तेव्हा तिला कळलं की आपण उठलोय. तळव्यांना मेथीचा कडवट ओलावा होता. ती चार पावलं चालून तनयाच्या खुर्चीमागे उभी राहिली. खुर्चीच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

"सुमे, थांब," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "पंखा तिचा आहे."

सुमी थांबली. तिनं गिरिजाकडे असं बघितलं, जणू भिंतच बोलली. "ताई, तू मध्ये पडू नकोस. मला माझ्या मुली कळतात."

"कळत असतील. पण काय झालं ते विचारलंस का तिला? खोली गेली. तिनं दिली, एक शब्द बोलली नाही. मग हा कोपरा. आता पंखा. मग पुढच्या वर्षी काय, दहावी गच्चीवर करायची तिनं?"

"आईसाठी दिलीय खोली! अवनीसाठी नाही. आणि ही मोठी आहे, हिला समजायला पाहिजे."

"मी पण मोठी होते," गिरिजा म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं. "मला समजायचं. सगळं समजायचं, सुमे."

फोनमधून कुणीतरी परदेशी माणूस हॅलो हॅलो करत होता. सुमीनं फोनकडे बघितलं आणि तो बंदच करून टाकला. तिचे ओठ थरथरले, लहानपणी थरथरायचे तसेच, आणि गिरिजाला जुन्या सवयीनं वाटलं, झालं, आता ही रडणार आणि आपण हरणार. पण सुमी रडली नाही. ती खालच्या फरशीवरच बसली, संगमरवरावर, पाय दुमडून, आणि तनयाला म्हणाली, "काय झालं ग? सांग." तनयानं सांगायला तोंड उघडलं आणि तिला एकदम हुंदका फुटला. कुणी विचारील याची तिनं तयारीच केली नव्हती. दात बांधलेल्या तोंडानं ती एवढी मोठ्यानं रडली की अवनीचं रडणं थांबलं. ती आईच्या पाठीमागून बाहेर येऊन, बोटं तोंडात घालून, बहिणीकडे नवलानं बघत राहिली.

मागच्या खोलीच्या दारात आई उभी होती. काठी टेकत ती बाहेर आली, फाटलेला नकाशा चपलेखाली येऊ नये म्हणून वाकून बघत, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गिरिजानंही. खुर्चीच्या पाठीवरचा तिचा हात घट्ट झाला. "सुमे," आई म्हणाली, "माझं सामान ह्या धाकटीच्या खोलीत टाक. तिथं दुसरा पलंग आहे रिकामा. बाहुल्या झोपतात त्यावर. आणि तनयाचं टेबल आत ने. असं फ्रीजजवळ बसून कुणी अभ्यास करतं का?"

"नहीं!" अवनी ओरडली. "आजी नको! वो मेरा कमरा है!" आणि तिनं नव्यानं सुरुवात केली, या वेळी अगदी मनापासून.

"आई, ती ऐकायची नाही ग. दोन दिवस रडेल."

"रडू दे," आई म्हणाली. "घसा दुखला की थांबेल."

संध्याकाळपर्यंत टेबल आत गेलं. गिरिजा आणि सुमीनंच ते दोन्ही बाजूंनी धरून नेलं. दारात अडकलं तेव्हा दोघींना हसू आलं. सुमी म्हणाली, "ताई, तू अशी कधी ओरडली नव्हतीस माझ्यावर." "आवडलं?" "नाही," सुमी म्हणाली, आणि तिनं गिरिजाच्या दंडाला एक चिमटा काढला, चांगला जोरात.

उन्हं उतरल्यावर आई मागच्या ओट्यावर जाऊन बसली. गिरिजानं तिच्या डोळ्यांत थेंब घातले. डोळे मिटून, मान मागे टाकून आई बसली असताना तिला विचारणं सोपं होतं. "आई, तू लहानपणी नेहमी सुमीचीच बाजू का घ्यायचीस?"

आईनं डोळे उघडले नाहीत. थेंब गालावर ओघळला, तो तिनं पदरानं टिपला. "ती रडायची ग फार," ती म्हणाली. "दोन खोल्यांचं ते घर. तुझे वडील आत फायली घेऊन बसलेले. तिनं एकदा सूर लावला की शेजारची सरदारीण बाई भिंतीवर ठोकायची. तू गप्प बसायचीस. मग दोघींतल्या रडणारीलाच गप्प करणार ना माणूस?"

गिरिजाला तीन वर्षांचं रिज आठवलं, सरांचा नियम आठवला, आणि आपण त्याच्यावर बांधलेलं सगळं. "बस, एवढंच?"

"आणखी काय असतं? पोळ्या करायच्या होत्या मला." आईनं ओला पदर झटकला. "आणि मला वाटायचं, तुला नकोच आहे ते. तू मागायचीस कुठं?"

"हवं होतं, आई."

"काय?"

"सगळंच."

आईनं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, लाल, पाणावलेला. "मग मागायचंस की, बाई माझे," ती म्हणाली, आणि तिनं चाचपडत गिरिजाचा हात शोधून आपल्या मांडीवर ओढून घेतला. कडुनिंबावर साळुंक्या जागेसाठी भांडत होत्या. घरातून अवनीचा आवाज येत होता, आता बराच बसलेला.

"आता मागते," गिरिजा म्हणाली. "पाऊस संपला की परत ये. मी न्यायला येईन."

 आईनं कोठीकडे पाहिलं, मग गिरिजाच्या हाताकडे, मेथीनं हिरव्या झालेल्या बोटांकडे. "येईन," ती म्हणाली. "पण न्यायला येशील तेव्हा थोडी रड हं. नाहीतर सुमी सोडायची नाही मला."

गिरिजा हसू लागली. हसता हसता तिला वाटलं की हे रडणंही असेल, आणि असलं तर असू दे. आईनं तिचा हात सोडला नव्हता, आणि तिलाही कुठं उठून जायचं नव्हतं.